लिझ्यूच्या तेरेझची लहान वाट

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात लिझ्यू नावाच्या गावी कार्मेल संघाच्या धर्मभगिनींचा मठ आहे. १८९७ च्या उन्हाळ्यात तिथे चोवीस वर्षांची एक भगिनी क्षयाने अंथरुणाला खिळली होती. कार्मेल मठांची रीत अशी, की एखादी भगिनी वारली की मठाच्या प्रमुख मदर तिच्या आयुष्याचा वृत्तान्त लिहून इतर मठांना धाडतात. मठातल्याच एका भगिनीला प्रश्न पडला, की हिच्याबद्दल मदर लिहिणार तरी काय? मठात आली, राहिली, आता जाईल. सांगण्याजोगे हिने काही केलेलेच नाही. हे बोलणे त्या रोगी मुलीच्या कानावर गेले होते असे सांगतात.

३० सप्टेंबर १८९७ रोजी ती वारली. बरोबर एका वर्षाने मठाने नेहमीच्या वृत्तान्ताच्या जागी तिनेच लिहिलेल्या वह्यांचे पुस्तक करून छापले. नाव ‘एका आत्म्याची कहाणी’, प्रती दोन हजार. मठामठांत वाटायला त्या पुरेशा होत्या. पण पुस्तक मठांच्या भिंतींत राहिले नाही. पन्नासहून अधिक भाषांत ते गेले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिक खंदकांत तिचे चित्र खिशात घेऊन बसत आणि मठात रोज शेकडो पत्रे येऊन पडत. संतपदाच्या चौकशीआधी मृत्यूनंतर पन्नास वर्षे थांबण्याचा नियम होता. ख्रिस्तसभेने तो तिच्यासाठी बाजूला ठेवला आणि १७ मे १९२५ रोजी, मृत्यूनंतर अठ्ठाविसाव्या वर्षी, पोप अकरावे पायस यांनी तिला संत म्हणून घोषित केले. आपल्याकडे गावोगावच्या शाळा-चर्चांवर ‘लिटल फ्लॉवर’ ही पाटी दिसते, ती तिच्याच नावाची. बाळ येशूची संत तेरेजा असेही तिला म्हणतात. मूळ नाव तेरेझ मार्टिन.

जिने काहीच केले नाही, तिच्यापाशी एवढे काय होते? कॅथलिक श्रद्धेत पवित्र जीवन म्हणजे काय, ते पवित्र शास्त्राच्या वाचनातून कसे उगवते आणि चारचौघांच्या संसारात ते जगता येते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या आयुष्यात एकमेकांत गुंतलेली सापडतात.

आधी तिच्यावर बसलेली साखर खरवडायला हवी. घराघरांतल्या चित्रांत तेरेझ गुलाबांची ओंजळ धरून, डोळे वर करून उभी असते. मेणाची बाहुली वाटावी असा चेहरा. या चित्रांमुळे अनेक विचारी माणसे तिच्यापासून दूर राहिली. अमेरिकेत गरिबांसाठी आयुष्य वेचणाऱ्या डोरोथी डे यांच्या हाती तिचे पुस्तक पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना ते अगदी मिळमिळीत वाटले होते. त्याच डोरोथी डे यांनी पुढे १९६० मध्ये तेरेझचे चरित्र लिहिले. दोष पूर्णपणे चित्रकारांचाही नाही. तेरेझच्या वह्या छापताना तिची थोरली बहीण पोलीन, म्हणजे मदर आन्येस, हिने त्यांत हजारो फेरफार केले होते. वाक्ये सारखी केली, टोकदार जागा गुळगुळीत केल्या. मूळ वह्या जशाच्या तशा १९५६ मध्ये बाहेर आल्या. मठातली तिची छायाचित्रेही तशीच, मूळ रूपात पुढे आली. तिची बहीण सेलीन कॅमेरा घेऊनच मठात आली होती. त्या खऱ्या छायाचित्रांतली तेरेझ रुंद हनुवटीची, निश्चयी नजरेची नॉर्मन मुलगी आहे. कपडे धुण्याच्या जागी बाह्या सरसावून उभी असलेली तेरेझ पाहिली, की मेणाची बाहुली आपोआप पुसली जाते.

तिचा जन्म २ जानेवारी १८७३ चा, आलाँसाँ गावचा. हे गाव सुईने विणलेल्या लेससाठी प्रसिद्ध. आई झेली स्वतः लेसचा धंदा चालवत असे. घरी बसून काम करणाऱ्या बायकांना ती काम वाटून देई, तुकडे जोडून घेई, गिऱ्हाइके सांभाळी. वडील लुई घड्याळजी होते. बायकोच्या धंद्याचा व्याप वाढला, तेव्हा त्यांनी आपले दुकान विकले आणि तिच्या हिशेबाचे व फिरतीचे काम अंगावर घेतले. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. पाच मुली उरल्या, तेरेझ त्यांतली शेंडेफळ. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत देवाचे नाव आहे, तसे उधारी, दमणूक, मुलींचे ताप आणि हट्टही आहेत. तेरेझ साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. लुई मुलींना घेऊन लिझ्यूला, त्यांच्या मामाच्या गावी राहायला आले. पोलीनला तेरेझने दुसरी आई मानले होते, पण तीही पाच वर्षांनी मठात गेली. त्यानंतर तेरेझ अशी आजारी पडली, की घरच्यांनी आशा सोडली होती. ती बरी झाली, पण मन हळवे होऊन बसले. जरा कुणी बोलले की रडू. मग रडल्याबद्दल पुन्हा रडू.

हे थांबले १८८६ च्या नाताळच्या रात्री. फ्रान्समध्ये मुलांचे बूट चुलाण्यापाशी ठेवून त्यांत खाऊ-भेटी भरायची पद्धत होती. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर दमलेले वडील थोड्या वैतागाने बोलून गेले, की बरे झाले, हे यंदाचे शेवटचेच वर्ष. जिन्यावरच्या तेरेझने ते ऐकले. सेलीनला ठाऊक होते की आता अश्रूंचा पूर येणार, म्हणून तिने तेरेझला लगेच खाली जाऊ नको असे सांगितले. तेरेझने आवंढा गिळला, खाली उतरली आणि वडिलांसमोर हसत हसत एकेक भेट बाहेर काढली. तिच्या लेखी हे तिचे संपूर्ण परिवर्तन होते. दर्शन नाही, आकाशवाणी नाही. दमलेल्या बापाचे मन राखण्यासाठी जवळजवळ चौदा वर्षांच्या मुलीने रडू आवरले, एवढेच घडले. पण तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची रीत या एका प्रसंगात दिसते.

पंधराव्या वर्षी मठात जायचा तिने ध्यास घेतला. मठाच्या वरिष्ठांनी वय कमी म्हणून नकार दिला, बिशपांनीही हो म्हटले नाही. २० नोव्हेंबर १८८७ रोजी रोमच्या यात्रेत पोप तेरावे लिओ यांच्यापुढे यात्रेकरू एकेक करून गुडघे टेकत होते. कुणीही बोलायचे नाही अशी सक्त ताकीद होती. तेरेझ बोलली. पोपनी वरिष्ठ सांगतील तसे कर आणि देवाची इच्छा असेल तर प्रवेश मिळेल, असे सांगितले. ती हटेना, तेव्हा रक्षकांनी तिला उचलून बाजूला नेले. पाच महिन्यांनी, ९ एप्रिल १८८८ रोजी, मठाचे दार तिच्यासाठी उघडले.

आत पंचवीसएक भगिनी, जाड कापडाची वस्त्रे, थंडीत एकच शेगडीची खोली आणि रोज दोन तास मूक प्रार्थना. शिवाय झाडलोट, भोजनगृह, धुणे, उपासनेच्या वस्त्रांची देखभाल. तिच्या वाचनातली पहिली पुस्तके होती ‘ख्रिस्तानुकरण’ आणि क्रूसभक्त संत योहान याचे लेखन. ‘ख्रिस्तानुकरण’ तर तिला जवळजवळ पाठ होते. पण वय वाढत गेले तशी इतर पुस्तके तिला कोरडी वाटू लागली. शुभवर्तमान मात्र तसे कधी वाटले नाही. चारही शुभवर्तमानांची लहानशी प्रत बांधून घेऊन ती आपल्या झग्याच्या आत, छातीशी बाळगत असे.

त्या काळच्या कॅथलिक जगात तिची ही ओढ सहज भागण्याजोगी नव्हती. उपासनेत स्तोत्रे रोज म्हटली जात, पण लॅटिनमधून. तरुण भगिनीच्या हाती अख्खे बायबल देण्याची पद्धत नव्हती, जुना करार तर फारसा नाहीच. तेरेझ फ्रेंच अनुवादांतले फरक पाहून अस्वस्थ होई. आपण धर्मगुरू असतो तर हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्र मुळातून वाचले असते, असे तिने म्हणून ठेवले आहे. शाळा लवकर सुटलेल्या, गावाबाहेर फारसे न गेलेल्या मुलीची ही इच्छा! लॅटिन प्रार्थना तोंडपाठ म्हणून समाधान मानणाऱ्या पिढीत ती वाढली, पण नेमके काय लिहिले आहे हे तिला जाणून घ्यायचेच होते.

१८९४ मध्ये वडील वारले. त्यांची शेवटची वर्षे मानसिक आजारात गेली होती, काही काळ कां शहरातल्या मनोरुग्णालयात. त्यांची सेवा करणारी सेलीन मोकळी झाली आणि सप्टेंबरात ती मठात आली. तिने जुन्या करारातले निवडक उतारे आपल्या वहीत उतरवून आणले होते. तेरेझने ती वही हातची सोडली नाही.

त्या वेळी तिला एक प्रश्न छळत होता. संतांची चरित्रे वाचली की आपण कुठे आणि ते कुठे, असे वाटे. ते पर्वत, आपण पायाखालचा वाळूचा कण. तरीही मनात उपजलेली पवित्र होण्याची इच्छा देवाने उगाच दिलेली नसणार, ही तिची खात्री होती. मोठे होणे जमणारे नाही, तेव्हा एखादी नवी, सरळ, जवळची वाट असली पाहिजे. रोमच्या प्रवासात तिने लिफ्ट पाहिली होती. श्रीमंतांच्या घरी आता जिना चढावा लागत नाही, तशी देवाकडे नेणारी लिफ्ट शास्त्रात कुठे सापडते का, हे ती शोधू लागली. सेलीनच्या वहीत नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायातली ओळ होती. जो अगदी लहान असेल त्याने माझ्याकडे यावे, अशा अर्थाची. ती थांबली. आलेल्या लहानग्याचे देव काय करतो, हे तिला हवे होते. पुढे यशयाच्या शेवटच्या अध्यायात उत्तर मिळाले. आई लेकराला कुरवाळते, कडेवर घेते, मांडीवर खेळवते, तसे मी करीन असे देव तिथे सांगतो. तेरेझला तिची लिफ्ट मिळाली: येशूचे हात. त्यासाठी मोठे होण्याची गरज नव्हती, उलट लहान राहायला हवे होते.

याला पुढे ‘लहान वाट’ हे नाव पडले. वाचायला ते फार गोड आहे, आणि इथेच गल्लत होते. लहान राहणे म्हणजे बालिश वागणे हा अर्थ तिच्या मनात कधीच नव्हता. आपल्या पुण्याचा हिशेब देवापुढे मांडायचा नाही, पडलो तरी धीर सोडायचा नाही, आणि जे करायचे ते त्याच्या भरवशावर करायचे, असा तो अर्थ. तिच्या काळात फ्रेंच कॅथलिकांवर कडक, हिशेबी धार्मिकतेचे सावट होते. देव न्यायाधीश, आणि त्याचा कोप शमवायला स्वतःचा बळी द्यावा, असे मानणाऱ्या भगिनी तिच्या आसपासही होत्या. तेरेझने १८९५ मध्ये स्वतःला अर्पण केले ते देवाच्या दयाळू प्रेमाला. या दोन अर्पणांत शब्दांचा फरक थोडा, पण त्यांतला देव अगदी वेगळा.

दुसरा शोध १८९६ च्या सप्टेंबरातला. तिला सगळेच व्हायचे होते. धर्मगुरू, प्रेषित, योद्धा, शास्त्राचा गुरू, हुतात्मा. या इच्छांचा तिला त्रास होऊ लागला, तेव्हा तिने करिंथकरांस पौलाचे पहिले पत्र उघडले. बाराव्या अध्यायात पौल सांगतो की सगळे प्रेषित होऊ शकत नाहीत, शरीरात डोळा तो डोळा, हात तो हात. उत्तर स्वच्छ होते, पण तिचे मन भरेना. कुणी दुसरी तिथेच पुस्तक मिटून आपल्या पायरीने राहायचे ठरवती. तेरेझ पुढे वाचत गेली, आणि तेराव्या अध्यायात प्रेमावाचून सगळी दाने व्यर्थ आहेत हे पौलाचे म्हणणे तिला भेटले. ख्रिस्तसभेला शरीर असेल तर तिला हृदयही असणार, आणि ते हृदय थांबले तर प्रेषित बोलायचे थांबतील, हुतात्मे रक्त सांडायला नकार देतील. आपली जागा त्या हृदयात, आपण तिथे प्रेम होऊ, असे तिने बहीण मारीसाठी लिहून ठेवले. कॅथलिक साहित्यातली ही अतिशय तेजस्वी पाने मानली जातात. ती लिहिणारी मुलगी तेव्हा क्षयाने पोखरली जात होती.

पण हृदयात प्रेम होणे म्हणजे मंगळवारी सकाळी नेमके काय करायचे? तेरेझची खरी थोरवी इथे आहे. प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत एक चमत्कारिक आवाज करी, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. तेरेझला वळून एकदा तरी रोखून पाहावेसे वाटे. ती घामाघूम होई, पण वळत नसे. शेवटी तिने तो आवाज टाळायचा नादच सोडला. एखादी उत्तम मैफल ऐकावी तसा तो कान देऊन ऐकायचा आणि ती मैफलच येशूला अर्पण करायची, असे तिने ठरवले. धुण्याच्या जागी समोरची भगिनी रुमाल आपटताना तिच्या तोंडावर घाण पाणी उडवी. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिच्या लक्षात येईल, हा पहिला विचार. तो तिने गिळला. मठातली एक भगिनी तिला कशीच आवडत नसे. बोलणे, चालणे, स्वभाव, काहीच. तेरेझ तिच्यासाठी प्रार्थना करी, भेटली की हसे, आणि उत्तर देताना जीभ घसरेल असे वाटले तर पळ काढी. एके दिवशी त्या भगिनीने कौतुकाने विचारले, की माझ्यात तुला एवढे काय आवडते?

एक म्हातारी, दुखणाईत भगिनी होती. तिला संध्याकाळी भोजनगृहात न्यायचे काम तेरेझने मागून घेतले. फार जलद चाललीस तर मी पडेन, हळू चाललीस तर तुझा हात जाणवत नाही, अशा तक्रारी सोसत तिला नेऊन बसवायचे आणि बाह्या सारख्या करून द्यायच्या. तिच्या वाकड्या हातांना भाकरी तोडता येत नाही हे लक्षात आल्यावर तेरेझ रोज तीही कापून देऊ लागली. १८९७ च्या जूनमध्ये शेवटच्या वहीत हे प्रसंग लिहिताना ती योहानाच्या शुभवर्तमानातल्या नव्या आज्ञेकडे वळते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही जुनी आज्ञा. येशू त्याहून पुढे गेला, मी केली तशी प्रीती एकमेकांवर करा म्हणाला. तसे प्रेम आपल्याला जमणार नाही, तेव्हा आपल्यातून त्यानेच ते केले पाहिजे, असे ती म्हणते. तिच्या लेखनात शास्त्राचे वचन आणि ओल्या रुमालांचा ढीग एकाच पानावर येतात, आणि दोन्ही एकाच गोष्टीबद्दल असतात.

मराठी वाचकाला इथे जनाबाई आठवल्यावाचून राहणार नाही. दळण-कांडण, झाडलोट, शेणी वेचणे, आणि त्या प्रत्येक कामात विठ्ठल शेजारी. संतपणासाठी काम सोडून उठावे लागत नाही, ही ओळख आपल्या मातीला जुनी आहे. मात्र एक मोठा फरक आहे. जनाबाईला जात्यापाशी देव भेटतो, तो तिच्याबरोबर खुंटा धरतो. तेरेझच्या शेवटच्या अठरा महिन्यांत तिच्याजवळ कुणी येत नव्हते.

२ एप्रिल १८९६, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. दिवा मालवून ती अंथरुणावर पडते तोच घशाशी काही ऊन उसळून आले. दिवा लावून पाहायचा मोह तिने आवरला. सकाळी रुमाल पाहिला तर रक्त. आपले बोलावणे आले याचा तिला आनंदच झाला. तिच्या मनात स्वर्ग तोवर इतका स्पष्ट होता, की देव नाही म्हणणारी माणसे मनाविरुद्ध तसे बोलत असतील, असे तिला वाटे. काही दिवसांत, ईस्टरच्या सणातच, तो स्वर्ग नाहीसा झाला. दाट धुके, मग आभाळापर्यंत उभी भिंत. अंधारच जणू तिला चिडवू लागला, की मरणानंतर तुला हवे ते मिळणार नाही, आणखी गडद रात्र मिळेल. श्रद्धा नसलेली माणसे खरोखरच असतात हे तिला तेव्हा कळले. आणि तिने काय केले? त्यांचा निवाडा केला नाही. आपण त्यांच्याच पंगतीला बसलो आहोत, त्यांच्याबरोबर ही कडू भाकरी खाऊ आणि देवाने उठवेपर्यंत उठणार नाही, असे लिहिले. विश्वासांगीकाराची प्रार्थना तिने स्वतःच्या रक्ताने लिहून शुभवर्तमानाबरोबर छातीशी ठेवली. त्याच दिवसांत तिने श्रद्धेच्या आनंदावर कविताही रचल्या. तो आनंद आपल्याला जाणवत नाही, आपण ज्यावर विश्वास ठेवू इच्छितो ते गातो, असे तिने मदरना मोकळेपणाने सांगून टाकले.

पवित्र माणसाला शंका शिवत नाहीत, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले आहे. तेरेझ त्याचे सरळ उत्तर आहे. शेवटच्या महिन्यांत वेदना असह्य झाल्या, मॉर्फिन दिले गेले नाही. रोग्याजवळ विषारी औषधे ठेवू नयेत, श्रद्धा नसती तर मी जीव दिला असता, हे तिने बहिणींना स्पष्ट सांगितले होते. संतांच्या चरित्रांत अशी वाक्ये सहसा छापली जात नाहीत.

तेरेझच्या मृत्यूनंतर तीसएक वर्षांनी स्कोप्ये शहरातल्या एका तरुण मुलीने लोरेटो संघात प्रवेश केला. १९२९ च्या जानेवारीत ती भारतात आली, दार्जिलिंगला तिची तयारी झाली आणि व्रते घेताना तिने लिझ्यूच्या तेरेझचे नाव घेतले. तीच मदर तेरेसा. कोलकात्यात त्यांनी केलेले काम साऱ्या जगाने पाहिले, पण २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे छापली गेली, तेव्हा कळले की या बाईने दशकानुदशके देवाचे सान्निध्य न जाणवता काम केले. त्यावर वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. ज्यांनी तेरेझची शेवटची वही वाचली होती, त्यांना ती वाट ओळखीची होती.

तेरेझ धर्मप्रसारकांची आश्रयदाती आहे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. १९२७ मध्ये हा मान तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिळाला. ज्यांचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे, ते झेवियर गोव्यापासून जपानपर्यंत समुद्र तुडवत गेले. तेरेझ मठात शिरली ती पुन्हा बाहेर पडली नाही. हनोईच्या मठात जायची तिची इच्छा होती, आजाराने ती राहून गेली. चीनला आणि आफ्रिकेला निघालेल्या दोन तरुणांना मठाने तिचे आध्यात्मिक भाऊ म्हणून जोडून दिले होते. त्यांना लिहिलेली पत्रे आणि त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना हाच तिचा प्रवास. शेवटी चालवेनासे झाले, तरी ती बागेत चार पावले टाकी आणि ती दूरदेशी थकलेल्या एखाद्या फादरसाठी अर्पण करी.

१९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस यांच्या रांगेत बसणारी ती तिसरी स्त्री. आधीच्या दोघी अविलाची तेरेझा आणि सिएनाची कॅथरीन. तिला पदवी नव्हती, ग्रीक येत नव्हते, आणि तिने ग्रंथ म्हणून एक ओळही लिहिली नव्हती. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजात एक अख्खे प्रकरण या मुद्द्याला दिले, की पवित्र होण्याचे पाचारण धर्मगुरू-भगिनींपुरते नाही, ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे. या शिकवणीची जमीन ज्यांनी आधी नांगरून ठेवली, त्यांत तेरेझचे नाव पहिल्या ओळीत येते. पोप फ्रान्सिस प्रवासातल्या आपल्या काळ्या पिशवीत तिच्यावरचे पुस्तक ठेवत. २०१८ मध्ये पवित्रतेवर त्यांनी जे पत्र लिहिले त्यात शेजारच्या घरातले संत भेटतात. त्यातले एक उदाहरण बाजाराला निघालेल्या बाईचे आहे. वाटेत शेजारीण भेटते, दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या सुरू होतात, आणि ही मनाशी म्हणते की नाही, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. घरी आल्यावर दमलेली असूनही मुलाचे बोलणे बसून ऐकते. पवित्रतेच्या या पायऱ्या आहेत, असे पोप सांगतात. वसईच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बाईला हे समजायला भाष्यकार लागणार नाही.

शास्त्राच्या बाबतीतही चित्र पालटले. १९६५ मध्ये त्याच परिषदेने पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या हाती सहज पोहोचले पाहिजे असे सांगितले आणि उपासना लोकभाषांतून होऊ लागली. वसईच्या चर्चमध्ये आज मिस्सातली वाचने मराठीतून होतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ते ग्रंथवाचन मराठी घरांत आणखी जवळ आणले. तेरेझला बहिणीच्या वहीतून जे कणाकणाने वेचावे लागले, ते आता फळीवर असते. संध्याकाळची जपमाळ, किंवा गोव्याकडचा तेर्स, आटोपल्यावर त्यातला एक उतारा वाचायला दहा मिनिटे पुरतात. तिने केले तसे वाचायचे तर मात्र उत्तर मिळेपर्यंत पुढचा अध्याय उघडायची चिकाटी लागते, आणि सापडलेली ओळ दुसऱ्या दिवशी कुणाशी वागताना वापरून पाहावी लागते.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी एकत्र संत घोषित केले. लेसचा धंदा, नऊ बाळंतपणे, चार मुलांची मरणे, कर्करोग, मनोरुग्णालय, असे हे दांपत्य. पण मार्टिन घराण्याची गोष्ट सांगताना एक नाव मागे राहते, ते तिसरी मुलगी लिओनी हिचे. शाळेत टिकली नाही, घरात सगळ्यांत हट्टी, अभ्यासात मंद. झेलीच्या पत्रांत सर्वांत जास्त काळजी तिचीच. मठात जायचे तिनेही ठरवले आणि तीनदा परत आली. तेरेझच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये, बहिणीची पत्रे आणि तिची लहान वाट उराशी धरून ती कां शहरातल्या व्हिजिटेशन मठात, चौथ्या प्रयत्नात, दाखल झाली. या वेळी ती टिकली. १९४१ मध्ये ती तिथेच वारली. तिच्या समाधीवर आज विशेषतः अवघड मुलांचे आईबाप येतात, आणि २०१५ पासून तिच्याही संतपदाची चौकशी सुरू आहे.